वणव्यात जाळलेले नत्र

फाल्गुन सरता सरता रत्नागिरी जिल्ह्यातले डोंगर पेटायला लागतात. राजापूर, लांजा, संगमेश्वर, चिपळूण, दापोली, कुठल्याही तालुक्यात जा. रात्री एखाद्या उतारावर लाल रेघ सरकताना दिसते आणि सकाळी तिथे काळी जमीन असते. कोणी पेटवले हे बहुतेक वेळा गावाला ठाऊक असते आणि कागदावर 'अज्ञात' लिहिले जाते. आंबा-काजूची कलमे होरपळली तर चार दिवस बोलणे होते. नुसते गवत जळले तर तेवढेही नाही. गवतच ते, पावसात पुन्हा येईल, असे म्हणून आपण मोकळे होतो. आणि मिरग जवळ आला की तोच गाव युरियाच्या गोणीसाठी दुकानाच्या दारात उभा राहतो.

या दोन गोष्टी एकाच गुन्ह्याच्या दोन बाजू आहेत. वाळलेल्या गवतात प्रथिने कमीच असतात, तीन टक्के धरू. म्हणजे नत्र साधारण अर्धा टक्का. वरकस उतारावर हेक्टरी तीन टन गवत उभे असेल तर त्यात पंधरा किलो नत्र झाले. युरियाच्या पंचेचाळीस किलोच्या गोणीत नत्र असते वीस किलोंच्या थोडे वर. म्हणजे एक हेक्टर डोंगर जाळला की जवळजवळ पाऊण गोणी युरियातले नत्र धुरावाटे आभाळात गेले. राखेत उरतात पालाश, चुना, थोडे स्फुरद. तेही पहिल्या वळवाच्या सरीबरोबर उतारावरून वहाळात जातात. फुकट मिळालेले जाळायचे, आणि तेच वायूपासून बनवलेले, सरकारी तिजोरीतून स्वस्त केलेले दुकानातून आणायचे, असा हा व्यवहार वर्षानुवर्षे चालला आहे. त्याची शरम ना गावाला आहे, ना गावाच्या नावाने मुंबईत मेळावे भरवणाऱ्यांना.

इथे कोणी म्हणेल की भाजावळ आपल्या वाडवडिलांचीच रीत आहे. आहे. पण राब आणि वणवा यांची गल्लत करू नये. राब भाजला जायचा तो दाढीपुरता, तरव्याच्या चार वाफ्यांपुरता. शेण, कवळ, गवत, पातेरा, वर मातीचा थर, आणि वाऱ्याकडे बघून लावलेली आग. त्यातही नत्र जायचे, हे लपवण्याचे कारण नाही. पण तणांचे बी मरायचे, पालाश मिळायचे, रोपे जोमाने उठायची. एकोणिसाव्या शतकात रानखात्याला राब म्हणजे झाडांची नासाडी वाटत होती आणि त्यावरून उत्तर कोकणात मोठा झगडा झाला. हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करायला आलेल्या व्होएल्कर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला १८९३ सालच्या आपल्या अहवालात राबाची दखल घ्यावी लागली. राबामागे विचार होता, मोजमाप होते, श्रम होते. डोंगराचे बाकीचे सारे गवत कापून भारे बांधून खाली यायचे, गुरांच्या पोटातून जाऊन शेण व्हायचे आणि त्या शेणाच्या पाट्या पुन्हा शेतावर जायच्या. वणव्यामागे यातले काहीच नाही. एक काडी आणि पाठ फिरवून चालू लागणे, एवढेच.

हे चक्र कोणी फिरवत ठेवले होते, तेही उघड बोलले पाहिजे. डोक्यावरून गवताचे भारे आणि शेणाच्या पाट्या वाहिल्या त्या कुणबी, महार आणि इतर कष्टकरी घरांतल्या बायाबापड्यांनी. जमीन मात्र खोताची. पिकातला वाटा त्याचा, वर वेठही त्याची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती मोडण्यासाठी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडले. खोती कायद्याने संपली ती १९४९च्या कायद्याने. मग कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७चा कृषक दिन आला, आणि पुष्कळांच्या नावावर सातबारा झाला. हा मोठा न्याय होता. पण त्या न्यायाची भीती मालकवर्गाच्या मनातून अजून गेलेली नाही, आणि त्या भीतीची किंमत जमीन मोजते आहे. ती कशी, ते पुढे सांगतो. आधी जमिनीत काय होते ते पाहू, कारण आपण ज्याला नुसती माती म्हणतो ती फार काळ लक्षात ठेवणारी वस्तू आहे.

युरिया मारला की आठवड्यात भात काळेभोर दिसते. शेतकऱ्याला ते दिसते आणि दुकानदाराला तेच विकायचे असते. न दिसणारे पुष्कळ आहे. पाण्यात पडलेला युरिया जिवाणूंच्या विकरामुळे अमोनिया होतो आणि त्यातला काही वाफेसारखा उडून जातो. उरलेला अमोनियम मातीतले जिवाणू नायट्रेटमध्ये बदलतात, आणि ते करताना मातीत आम्ल सोडतात. नायट्रेट पाण्याबरोबर वाहते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या या जिल्ह्यात ते एका खाचरातून खालच्या खाचरात, तिथून वहाळात, वहाळातून खाडीत जाते. जाताना जमिनीतला चुना आणि मॅग्नेशियम सोबत नेते. चिखलात कोंडलेल्या नायट्रेटचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन वर जातो. हा वायू तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटींहूनही जड पडतो. फेकून दिलेल्या युरियातले निम्म्याहून कमीच नत्र भाताच्या वाट्याला येते. आपली जांभ्याची लाल माती मुळातच आम्ल. तिच्यावर आणखी आम्ल चढले की ॲल्युमिनियम मोकळे होऊन मुळांना पोळते, आणि कुळीथ-पावट्याच्या मुळांवर गाठी धरून हवेतले नत्र फुकट बांधून देणारे जिवाणू थकतात.

हे एका हंगामात संपत नाही. फ्रान्समध्ये १९८२ साली संशोधकांनी खुणेचे नत्र असलेले खत जमिनीला दिले आणि तीस वर्षे त्याचा माग काढला. पिकांनी साठ टक्क्यांच्या थोडे वर घेतले. शंभरातले बारा ते पंधरा भाग तीस वर्षांनंतरही त्याच मातीच्या सेंद्रिय अंशात बसलेले सापडले, आणि आठ ते बारा भाग झिरपून भूजलाकडे गेले होते. म्हणजे एका पिढीने टाकलेले खत पुढच्या पिढीच्या विहिरीकडे अजून निघालेले असते.

गवताळ जमिनीबद्दल तर याहून जुनी साक्ष आहे. इंग्लंडात रॉथॅमस्टेड येथे १८५६ साली एका गवताच्या कुरणाचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगवेगळे खत द्यायला सुरुवात झाली. प्रयोग सुरू करणारे जॉन लॉझ स्वतः खताच्या कारखान्याचे मालक होते. प्रयोग आजही चालू आहे. ज्या तुकड्याला काहीच दिले नाही तिथे तीस-चाळीस जातींची गवते आणि फुले नांदतात. ज्यांना वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट मिळाले आणि चुना मिळाला नाही, तिथे दोन-तीन जाती उरल्या. गांडुळे नाहीशी झाली, आणि मेलेले गवत न कुजता गादीसारखे साचत गेले. म्हणजे नत्र तिथे आहे, पण ते फिरत नाही. १९८९ नंतर काही तुकड्यांचे नत्र थांबवले. वीसेक वर्षांत हरवलेल्या जातींपैकी पुष्कळ परतल्या, विशेषतः जिथे चुना घातला होता तिथे. उलट अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सीडर क्रीकच्या माळावर खत थांबवून वीस वर्षे झाली तरी विविधता परतली नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. खत थांबवणे म्हणजे जमीन पूर्ववत झाली असे नव्हे. कोणते खत, किती वर्षे, आम्लता कुठवर गेली, मग कोणी निगा राखली, यावर ती सावरते किंवा सावरत नाही.

आता रत्नागिरीकडे पाहा. कधी काळी भात लावलेली, युरियावर वाढवलेली किती खाचरे आज गवताखाली आहेत, हे कोणत्याही वाडीच्या वरच्या अंगाला उभे राहिले की दिसते. माणसे मुंबईला, पुण्याला गेली. खाचर पडले. आपण त्याला पडीक म्हणतो आणि समजतो की ते आपोआप मूळ रूपात गेले. त्यावर येते काय? बांधाकडून रानमोडी घुसते, दाट गचपण होते, आणि पावसाळ्यात जिथे कवला, खुळखुळा यांसारख्या शेंगवर्गी वनस्पती असायच्या तिथे त्यांना जागा उरत नाही. पूर्वी वरकस जमिनीला विश्रांती देण्याचीही रीत होती: एक वर्ष नाचणी, मग वरी, मग हरीक किंवा तीळ, आणि मग काही वर्षे गवत. त्या गवतावर गुरे चरायची, शेण पडायचे, जमीन भरून यायची. आजच्या पडिकाला ना गुरे आहेत ना कापणी. त्याच्या वाट्याला आहे ती फाल्गुनातली काडी. खताने आम्ल केलेली आणि आगीने नागवलेली अशी ही जमीन आपण पुढच्या पिढीच्या नावावर करतो आहोत, आणि सातबाऱ्यावर त्या पिढीची नावे मात्र हौसेने चढवतो आहोत.

सड्यांचे, म्हणजे कातळाच्या पठारांचे, तर आणखी वाईट. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पांमुळे सड्यांकडे जगाचे लक्ष वळले. २०२२ साली ती युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली. पण कातळावर कोरलेली चित्रे पाहणाऱ्यांनी त्या कातळावरची चार बोटे मातीही पाहावी. श्रावण-भाद्रपदात तिथे सीतेची आसवे फुलतात, दवबिंदू नावाची चिकट पानांची वनस्पती उगवते. या दोन्ही कीटक पकडून खातात, कारण मातीत नत्र जवळजवळ नाहीच. तिथल्या साऱ्या जीवनाची घडी नत्राच्या या तुटवड्यावर बसलेली आहे. अशा ठिकाणी सुरुंग लावून खड्डे पाडायचे, खालून माती आणून भरायची, कलमे लावायची आणि गोण्या ओतायच्या; मग पावसात ते पाणी शेजारच्या गवतात पसरले की ज्यांना थोड्यावर जगण्याची सवय आहे त्यांची जागा हावरी गवते घेतात. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, तिने हजारो कोकणी घरांना उत्पन्न दिले, हे मी कृतज्ञतेने मानतो. पण कुठला कातळ फोडायचा आणि कुठला सोडायचा, हा विवेक कोणी ठेवला नाही. मार्चमध्ये हापूस पाहिजे, पहिली पेटी आपल्याच घरी यायला पाहिजे, असा हट्ट धरणारा शहरातला ग्राहक या पापात भागीदार आहे. झाडाला लवकर मोहोर काढायला काय काय घालावे लागते, हे त्याने कधी विचारले नाही.

महात्मा फुल्यांनी १८८३ साली पुरे केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये ही गोष्ट मांडून ठेवली आहे. डोंगरावरचा पालापाचोळा, गवत, मेलेले किडे-प्राणी कुजून जे सत्त्व होते ते पावसाने शेतात येऊन शेते सुपीक व्हायची; आता ते वाहून जाते, तेव्हा जागोजाग बांध घालून ते अडवा, असे त्यांनी सरकारला बजावले होते. गुरांना चरायला मोकळी असलेली राने बंद केल्याबद्दलही त्यांनी खडसावले. रसायनशास्त्राचा एक शब्द न वापरता त्यांनी डोंगर, गवत, गुरे आणि शेत यांचे नाते सांगितले. आपण त्यांचे पुतळे उभारले, जयंत्या केल्या, आणि ते पान उलटून पुढे गेलो.

आता मालकवर्गाच्या त्या भीतीकडे येतो. रत्नागिरीतल्या गावात आज शेत कसे कसले जाते? मालक बोरिवलीला किंवा डोंबिवलीला. सातबाऱ्यावर चुलत्या-पुतण्यांची वीस-पंचवीस नावे. गावात राहिलेला एखादा शेतकरी म्हणतो, दादा, तुमची खाचरे मी लावतो. मालक म्हणतो, लाव, पण कागद नको. नाहीतर कूळ लागेल. तोंडी, एका वर्षापुरते. पुढल्या वर्षी कोणाला देईन ते तेव्हा बघू. ज्या माणसाला पुढच्या वर्षीची खात्री नाही तो त्या जमिनीत शेणखत कशाला घालेल? शेणखताचा गुण तीन वर्षे टिकतो, पण त्याच्या हातात एकच आहे. तो बांधावर गिरिपुष्प लावणार नाही, चुना घालणार नाही, गवत राखणार नाही. तो युरिया मारेल, भात काढेल आणि निघून जाईल. त्याला अडाणी म्हणणाऱ्यांना माझे सांगणे आहे की तो हिशेबाला पक्का आहे. हिशेब आपण त्याला असाच घालून दिला आहे. ज्या जमिनीवर कसणाऱ्याचा उद्याचा हक्क नाही तिच्यात उद्याचे नत्र कोणी साठवत नाही. खोताच्या काळी हे होते आणि आज, स्वातंत्र्याला पाऊणशे वर्षे उलटल्यावर, घराला कुलूप लावून गेलेल्या आपल्यासारख्या सुशिक्षित मालकांनी ते पुन्हा उभे केले आहे.

हे मालक गणपतीला येतात, शिमग्याला येतात, पालखी नाचवतात, देवळाच्या जीर्णोद्धाराला हजारोंनी वर्गणी देतात. गावाच्या देवाला राखण देतात. देवराईतली काटकी तोडायला त्यांचा हात थरथरतो, आणि ते योग्यच आहे; त्या भयानेच देवरायांची माती अजून जिवंत आहे. पण देवराईच्या कुंपणाबाहेर दहा पावलांवर स्वतःच्या नावावरचा डोंगर दरसाल जळतो, त्याचे त्यांना काही वाटत नाही. देवाची भीती आहे, भूमीची चाड नाही. धर्म जर आपल्याला इतकेच शिकवत असेल तर आपण त्याच्यातले सोयीचे तेवढे उचलले आहे.

सरकारचा वाटाही लहान नाही. २०१० साली स्फुरद आणि पालाशयुक्त खतांचे अनुदान त्यांतल्या अन्नद्रव्यांच्या प्रमाणात देण्याचे धोरण आले. युरिया त्यातून बाहेर ठेवला. परिणाम दुकानात दिसतो: युरियाची गोणी तीनशे रुपयांच्या आत, डीएपीची साडेतेराशे. मग शेतकरी काय टाकणार? २०१५ साली मृदा आरोग्य पत्रिका आली. कल्पना चांगली. पण कोरडवाहू भागात दहा हेक्टरांमागे एक नमुना, असा तिचा नियम होता. कोकणात दहा हेक्टरांत मळे, खाचरे, वरकस, कातळ आणि पन्नास घरांचे तुकडे येतात. त्या सगळ्यांचे आरोग्य एका पिशवीभर मातीत कसे सापडेल? पत्रिकेत बारा रकाने आहेत. या जमिनीवर गेल्या वीस वर्षांत काय टाकले, ती किती वेळा जळली, कधीपासून पडीक आहे, असा एकही नाही. गवताळ जमिनीची तर तपासणीच होत नाही, कारण ती कोणाच्या हिशेबी शेत नाही.

आणि ज्ञान नव्हते असेही नाही. दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून आपल्या उंबऱ्यावर आहे. डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री भातलागवड याच कोकणात आजमावली गेली: भाताचा पेंढा-तूस यांचा फेरवापर, गिरिपुष्पाचा हिरवा पाला, ठराविक अंतरावर लावणी, आणि चार चुडांच्या मधोमध खोल दाबलेली युरिया-डीएपीची ब्रिकेट. गोळी चिखलात सात-दहा सेंटिमीटर खोल गेली की नत्र उडत नाही, वाहत नाही, सावकाश मुळांना मिळते आणि खतही कमी लागते. इतकी साधी, इतकी आपल्या पावसाला साजेशी ही रीत. ती प्रत्येक खाचरात का गेली नाही? गोळ्या वेळेवर मिळत नाहीत. दाबायला माणसे नाहीत. फेकायला सोपा युरिया समोर स्वस्त पडलेला. आणि एका वर्षाच्या तोंडी करारावर कसणाऱ्याला खत वाचवून जमीन राखण्यात रस नाही. पुन्हा आपण त्याच ठिकाणी येतो.

मला कोणाच्या हातातली गोणी हिसकावून घ्यायची नाही. खताने या देशाची भूक भागवली, आणि उपाशी माणसाला मातीच्या आम्लतेवर प्रवचन देणे हा क्रूरपणा होईल. माझा आरोप ज्यांचे पोट भरले आहे त्यांच्यावर आहे. ज्यांनी गावातली जमीन बाजारभाव वाढण्यासाठी धरून ठेवली, कसली नाही, कसू दिली नाही, गवत कापू दिले नाही आणि जळताना थांबवले नाही, त्यांच्यावर. त्यांच्या ऐपतीपुढे हे काम फार मोठे नाही. कार्तिकात गवत कापून भारे गोठ्यांना द्यावेत, मजुरी मालकाने द्यावी. जाळरेषा ग्रामपंचायतीने पौषातच काढाव्यात आणि काडी लावणाऱ्याचे नाव ग्रामसभेत घेण्याचे धैर्य दाखवावे. जुन्या खाचरांची माती तपासून जिथे आम्लता चढली आहे तिथे चुना घालावा. ज्या किनाऱ्यावर शिंपल्यांच्या चुन्याने पिढ्यान्‌पिढ्या घरे बांधली तिथे चुना परका नाही. मालकी मालकाचीच राहील आणि कसणाऱ्याला किमान पाच वर्षांची शाश्वती मिळेल, अशा लेखी कराराला कायद्यात निःसंदिग्ध जागा करून देणे हे आमदारांचे काम आहे, आणि त्यासाठी त्यांना प्रश्न विचारणे आपले.

पण भागीदारांची आपसातली संमती तरी कायद्यासाठी थांबायला नको. वर्षभर कधी एकत्र न येणारी सातबाऱ्यावरची ती वीस-पंचवीस नावे गणपतीत एका छपराखाली जेवतात. कोणते खाचर कोणी कसावे, कोणत्या डोंगराचे गवत कोणाच्या गोठ्याला जावे, चुन्याचे आणि गवतकापणीचे पैसे कोणी किती घालावेत, हे एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्यायला एक दुपार पुरे. गौरी-गणपतीचे विसर्जन झाल्यावर, परतीच्या गाडीत बसण्याआधी, तेवढा कागद व्हावा.